कवेलू फेरणार कोण?

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं मातीचं घर एकदा बांधलं की झालं, असं नसतं. ते दरवर्षी थोडं थोडं पुन्हा बांधावं लागतं. मृग लागण्याआधी कवेलू फेरायचे, पावसानं खालून पोखरलेली भिंत माती थापून भरून काढायची, पोळा-दिवाळीच्या तोंडावर भिंती पांढऱ्या मातीनं पोतायच्या, आठवड्या-पंधरवड्यानं जमीन सारवायची, हिवाळ्यात सांदवाडीचं, म्हणजे परसाचं, कुंपण नव्यानं बांधायचं. अंगात ताकद असते तोवर ही कामं कोणी मोजत नाही. साठी-पासष्टी उलटली, गुडघे धरू लागले, मुलगा नागपूरला किंवा हैदराबादकडे कामाला गेला, की तीच कामं एकेक करून मागे पडतात. आधी कुंपण सुटतं, मग पोतणं सुटतं, मग कवेलू. कवेलू सुटल्यावर घर बसायला दोन-तीन पावसाळे पुरतात.

चंद्रपूर आणि 1982 साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, हे दोन्ही जिल्हे घराची परीक्षा पाहणारे. गडचिरोलीचा सुमारे 70 टक्के भाग जंगलाखाली आहे. पाऊस चार महिन्यांत तेराशे-चौदाशे मिलिमीटर पडून जातो आणि मे महिन्यात पारा 45-46 अंशांच्या पुढे सरकतो. म्हातारपणी घराची निगा कशी राखावी यावर शहरात सल्ल्यांना तोटा नाही: जिन्याला कठडा लावा, न्हाणीघरात खरखरीत फरशी बसवा, प्लंबरचा नंबर हाताशी ठेवा. धानोरा, कोरची किंवा भामरागड तालुक्यातल्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घराला यातलं फार थोडं लागू पडतं. या घराची रीतच अशी, की वर्षातून एकदा त्याला चार तरणे हात लागणारच. ते हात कुठे गेले आणि त्यांच्या जागी काय आलं, हे नीट पाहायला हवं.

सुरुवात छपरापासून करू, कारण बाकी सगळं त्याच्यावर आहे. देशी कवेलू अर्धगोल असतो. एक ओळ उताणी, तिच्या दोन कडांवर दुसरी पालथी, अशी नाली तयार होते आणि पाणी तिच्यातून वळचणीला येतं. कवेलूंखाली बांबूच्या कमच्या, कमच्यांखाली फाटे, फाट्यांचा भार मयालीवर, म्हणजे आडव्या तुळईवर. वर्षभरात या नाल्यांमध्ये पालापाचोळा साचतो, शेवाळ धरतं, उंदीर घरटी करतात, माकडांच्या उड्यांनी कवेलू सरकतात आणि फुटतात. फेरणी म्हणजे आढ्यापासून एकेक ओळ उचलायची, कवेलू झटकून बाजूला रचायचे, फुटके खाली टाकायचे, कुजलेली कमची काढून नवी बांधायची आणि ओळ पुन्हा बसवायची. वर दोन माणसं लागतात, खाली हातात कवेलू देणारा एक. वरच्याला पाय कुठे द्यायचा ते कळावं लागतं. फाटा मयालीवर टेकतो तिथेच तो भार घेतो, मधल्या पोकळीवर पाय पडला तर माणूस कवेलूंसकट घरात. उचललेल्या कवेलूखाली विंचू असतो हे धरूनच हात घालायचा. ऊन चढायच्या आत काम थांबवावं लागतं, कारण दहानंतर कवेलूवर पाय ठरत नाही. लहानशा घराला दोन सकाळी सहज जातात.

हे काम सत्तरीतल्या माणसानं करू नये. मोतीबिंदूमुळे कडा दिसत नाही, तोल लगेच सावरता येत नाही आणि खुब्याचं हाड मोडलं तर शस्त्रक्रियेची सोय शे-दीडशे किलोमीटरवर. तरीही दर उन्हाळ्यात म्हातारी माणसं छपरावर दिसतात. जो पन्नास वर्षं ते काम करत आला, त्याला ‘आता चढू नका’ एवढं सांगून भागत नाही. त्याच्याऐवजी कोण चढणार ते सांगावं लागतं.

पूर्वी या प्रश्नाला उत्तर होतं. गोंड-माडिया गावांत घर उभारणं हे एकट्या घरमालकाचं काम कधीच नव्हतं. गाव जमायचं, काम करायचं, जेवण व्हायचं. इतर समाजांतही भाऊबंद, शेजारी सावडीनं एकमेकांची छपरं करून द्यायचे. म्हाताऱ्याचं घर त्याच फेरीत उरकलं जायचं, वेगळी मदत म्हणून नाही. सावड मात्र फेडायची असते, हे इथे विसरून चालत नाही. ज्याच्या घरात परत फेडायला तरणा माणूसच उरला नाही, तो मागायला संकोचतो आणि हळूहळू त्या फेरीतून आपणच बाहेर पडतो. मला या सगळ्या प्रश्नातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते.

उरलेली गोष्ट हंगामाची. कवेलू फेरायला योग्य काळ एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आता गावातली कर्ती माणसं या काळात कुठे असतात ते पाहा. भाताची मळणी आटोपली की दोन्ही जिल्ह्यांतले मजूर मिरची तोडणीला तेलंगणात जातात आणि एप्रिल-मेपर्यंत तिकडेच असतात. मागे राहिलेले मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोह वेचतात. मिरचीवाले परततात तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो, आणि तेंदू म्हणजे वर्षातली रोख कमाई. ते पंधरा-वीस दिवस कोणी दुसऱ्याच्या छपरावर घालवणार नाही, घालवूही नयेत. तेंदू संपतो तोवर रोहिण्या लागतात. मग ज्याच्या त्याच्या घराची धांदल, आणि म्हाताऱ्याचा नंबर शेवटी. पहिल्या पावसात गळती कळते तेव्हा रोवणी सुरू झालेली असते. मग प्लास्टिकची ताडपत्री टाकायची आणि तिच्यावर दगड ठेवायचे. ताडपत्रीखाली ओल कोंडते, फाटे कुजतात आणि पुढच्या वर्षी खर्च दुप्पट होतो. ‘पोरं आळशी झाली’ असं म्हणून वडीलधारी मोकळी होतात, पण दोष पोरांचा नाही. पोट भरण्याचा हंगाम आणि घर राखण्याचा हंगाम एकमेकांवर आले आहेत.

म्हणूनच ज्याला जमलं त्यानं टिनं टाकली. माकडांचा त्रास मिटला, फेरणी मिटली, दहा-पंधरा वर्षांची निश्चिंती झाली. या बदलाला नावं ठेवणं सोपं आहे. मातीच्या घराचं कौतुक करणारे बहुतेक जण त्याच्या छपरावर चढलेले नसतात. मात्र टिनाची किंमत उन्हाळ्यात चुकवावी लागते. दुपारी टिनाखाली बसवत नाही आणि म्हाताऱ्या शरीराला उष्णता सर्वांत आधी बाधते. तरणी माणसं मोहाच्या सावलीत, नदीकाठी, कामावर असतात. टिनाखाली दिवस काढतो तो म्हातारा. टिनांवर पळाटी-तणसाचा थर टाकणं किंवा खाली बांबूच्या ताटव्याची छत बांधणं हा साधा उपाय आहे, पण ताटवाही दोन-चार वर्षांनी बदलावा लागतो. देखभाल सरली नाही, तिनं जागा बदलली.

जमिनीची कथा वेगळी आणि ती बाईची आहे. छपरावर चढणं पुरुषाचं, सारवणं-पोतणं बाईचं, ही वाटणी अजून पक्की आहे. त्यामुळे जोडप्यातलं एक गेलं की घराची अर्धी निगा थांबते. विधवेचं अंगण लख्ख आणि छप्पर गळकं, विधुराचं उलट, हे चित्र गावोगाव आहे. विधवांची संख्या जास्त असल्यानं गळकी छपरंही जास्त. सारवायला शेण लागतं. म्हातारपणी बैलजोडी विकली, गाय राखणं झेपेना म्हणून तीही गेली, की कोठा रिकामा होतो आणि शेणही विकत किंवा मागून आणावं लागतं. जनावरं विकण्याचा निर्णय शेतीचा म्हणून घेतला जातो. त्याचा परिणाम घराच्या जमिनीवर होतो हे सहा महिन्यांनी लक्षात येतं. पोपडे निघालेल्या जमिनीत भेगा, भेगांत उंदराची बिळं, आणि उंदरामागे मण्यार. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंशाची जागा पुष्कळदा कळतही नाही. या भागात बीळ बुजवणं आणि म्हाताऱ्या माणसाला झोपायला खाट असणं ही जीव वाचवणारी कामं आहेत.

पोतण्यातही एक गुंता आहे. गडचिरोलीत हिवतापामुळे आरोग्य खात्याकडून घरांत कीटकनाशकाची फवारणी होते. फवारलेल्या भिंतीवर औषध टिकावं म्हणून दोन-तीन महिने सारवू-पोतू नये, असा नियम. सण आला की बाया भिंती पोततात आणि औषध मातीखाली जातं. म्हाताऱ्या बाईला ‘पोतू नका’ सांगताना तिच्या दृष्टीनं न पोतलेलं घर हे सुतकातल्या घरासारखं असतं, हे फवारणी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. सणाचा आणि फवारणीचा मेळ घालणं गावपातळीवर अवघड नाही.

आता साहित्याकडे येऊ. कमच्यांना बांबू, फाट्यांना लाकूड, कुंपणाला काट्या: हे सगळं पिढ्यानपिढ्या जंगलातून येत होतं. त्याला निस्ताराचा हक्क म्हणत. 2006 च्या वनहक्क कायद्यानं निस्तार हा हक्क म्हणून मान्य केला आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले होते. पुढे गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनंही आपला बांबू स्वतः विकून दाखवला. म्हणजे ज्या गावांना हक्क मिळाले, तिथे बांबू ग्रामसभेच्या हाती आहे. ज्यांना मिळाले नाहीत तिथे म्हाताऱ्यानं एक फाटा आणला तरी वनगुन्ह्याची भीती. बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिराला 2023 साली सागवान गेलं, त्याचा इथल्या लोकांना अभिमान आहे. त्याच जंगलाशेजारच्या घराचा कुजलेला फाटा बदलायला चार बल्ल्या सहज मिळाव्यात, एवढी अपेक्षा त्या अभिमानाच्या आड येत नाही.

हक्क असला तरी आणायला कोण जाणार हा प्रश्न उरतो. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा बफर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली या पट्ट्यात वाघांची संख्या वाढली आणि मोह, तेंदू, सरपण, बांबू यांसाठी जंगलात गेलेल्या माणसांवरचे हल्लेही वाढले. वाकून काम करणारं एकटं म्हातारं माणूस सर्वांत सोपं लक्ष्य. बफरमधल्या गावांसाठी जन-वन विकास योजनेतून गॅस आणि सौर कुंपण आलं, ते चांगलंच झालं. गॅसमुळे सरपणाच्या खेपा कमी होतात. पण घराच्या कमच्या गॅसनं मिळत नाहीत.

इथे सरकारी मदतीचा हिशेब मांडायला हवा. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 पासून आहे. घरकुलासाठी केंद्राच्या निकषांनुसार सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ आणि नक्षलप्रभावित भागात 1 लाख 30 हजार रुपये मिळतात, शिवाय रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार. आदिवासींसाठी शबरी, अनुसूचित जातींसाठी रमाई योजना आहे. या सगळ्या योजना घर बांधण्याच्या आहेत. बांधलेलं घर राखण्यासाठी त्यांत एक रुपयाही नाही. अनेक अंगणांत दिसणारं चित्र असं: घरकुल झालं, त्यात मुलाचा संसार आणि धानाची पोती गेली, म्हातारा-म्हातारी जुन्या कवेलूच्या घरात राहिली. कधी हे त्यांच्याच मर्जीनं असतं, कारण जुनं घर थंड असतं. मग गळती त्यांच्याच वाट्याला, आणि कागदावर मात्र कुटुंबाला पक्कं घर मिळालेलं असतं.

वादळानं छप्पर उडालं तर पंचनामा होतो. आपत्ती मदतीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत, निदान 15 टक्के नुकसान झालेल्या कच्च्या घराला 4 हजार आणि पक्क्या घराला 6 हजार 500 रुपये ठरवले होते. वर्षानुवर्षं हळूहळू कुजत गेलेलं छप्पर यात बसत नाही. आपत्ती एका रात्रीत यावी लागते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा ब्रह्मपुरी, देसाईगंज भागात निगा आणि आपत्ती यांचा संबंध दिसला. पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी मातीच्या भिंती पाणी ओसरल्यावर, ऊन पडल्यावर बसल्या, कारण खालची माती विरघळून गेली होती. ज्या भिंतीचं जोतं दरवर्षी भरलं जातं ती एखादा पूर सोसते. निगा आणि आपत्ती या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी मानणं ही मोठी चूक आहे.

निवृत्तिवेतनाकडे बघू. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेत 2023 पासून महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. त्यातून मीठ-मिरची, तेल, औषध. दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी, कमच्या आणि थोडे नवे कवेलू धरले तर सगळा महिना त्यात जातो. 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या माणसाला एकदा 3 हजार रुपये मिळतात, काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांसाठी. कमोड खुर्ची ही इथे खरंच कामाची वस्तू आहे. स्वच्छ भारतमधलं शौचालय उकिडवं बसायचं असतं आणि गुडघे गेलेलं माणूस ते सोडून पुन्हा पहाटे अंधारात शेताकडे जातं, साप आणि बिबट्या दोन्ही असलेल्या शेताकडे. त्या शौचालयाचा एक खड्डा भरला की नळी दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायची असते, हेही बहुतेकांना कोणी सांगितलेलं नाही. खड्डा भरला म्हणून बंद पडलेली शौचालयं या एका कामाअभावी बंद आहेत.

शरीराबद्दल थोडं. रोवणीत आयुष्यभर वाकलेल्या पाठी इथे घरोघरी आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेत मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनच्या डॉक्टरांना पाठीच्या दुखण्यांसाठी येत राहावं लागतं, यावरून गरज कळावी. चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. त्यानं हाडं आणि सांधे ताठरतात. अशा माणसाला बोरिंगवरून गुंड भरून आणणं हेच दिवसाचं मोठं काम होतं, छपराची गोष्ट दूर.

चंद्रपूर शहर, बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा या कोळसा आणि कारखान्यांच्या पट्ट्यात प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स), वीज केंद्र किंवा पेपर मिलमधल्या कामगाराचं आयुष्य क्वार्टरमध्ये जातं. तिथे नळ गळला तर तक्रार नोंदवायची आणि माणूस येतो. साठाव्या वर्षी क्वार्टर सुटतं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराचा स्लॅब, टाकी, वायरिंग यांची जबाबदारी अंगावर येते, नेमकी शरीर थकायला लागल्यावर. वर कोळशाच्या धुळीनं गच्चीची पाणी जायची भोकं बुजतात आणि स्लॅब गळू लागतो. उघड्या खाणींच्या सुरुंगांनी भिंतींना भेगा पडल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात जुन्या भूमिगत खाणीवरचं एक राहतं घर पाहता पाहता जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली. ज्या घराखालची जमीनच पोकळ आहे त्याची निगा मालकानं किती राखावी?

शहरातलं खरं वार्षिक काम मात्र कूलरचं आहे. एप्रिलमध्ये तो माळ्यावरून काढायचा, टाकीतला गंज खरवडायचा, ताट्या बदलायच्या, पंप बघायचा, खिडकीला स्टँडवर चढवायचा आणि मग दोन महिने रोज बादल्यांनी पाणी भरायचं. एकट्या राहणाऱ्या पंच्याहत्तरीच्या बाईला यातलं काहीच जमत नाही आणि कूलरशिवाय चंद्रपूरचा मे काढता येत नाही. ओल्या हातानं सुरू कूलरला हात लावून शॉक लागल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. अर्थिंग तपासून घेणं आणि नळीनं पाणी भरायची सोय करणं या दोन गोष्टी मुलांनी आईवडिलांकडे मार्चमध्येच करून द्याव्यात. फोनवर तब्येत विचारण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

मुलांवर किती सोपवायचं हाही प्रश्न आहेच. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, औषधोपचार यांच्याबरोबर निवाराही आहे. पण मिरची तोडायला गेलेल्या मुलाविरुद्ध कोणती आई प्रांताकडे अर्ज करेल? आणि केला तरी त्या मुलाची ताकद तेवढीच. हा भार एकेका घरावर टाकून सुटणारा नाही. मालीमधल्या जेन्ने गावातली मातीची मोठी मशीद दरवर्षी पावसाआधी सगळं गाव मिळून लिंपतं, म्हणून ती उभी आहे. वेल्समध्ये म्हाताऱ्यांच्या घरातल्या किरकोळ दुरुस्त्या करून देणाऱ्या ‘केअर अँड रिपेअर’ संस्था आहेत. एका ठिकाणी रीत टिकली, दुसरीकडे तिच्याऐवजी सार्वजनिक सोय उभी राहिली. आपल्याकडे रीत सुटली आणि सोय आली नाही.

ती आणण्याची जागा इथे तयार आहे, आणि ती ग्रामसभा आहे. दिव्यांगांसाठी ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के खर्च करायचे असतात. तशीच तरतूद निराधार म्हाताऱ्यांच्या घरदुरुस्तीसाठी करायला हवी. बांबू आणि तेंदू विकणाऱ्या ग्रामसभांकडे तर स्वतःचा पैसा आणि स्वतःचा बांबू, दोन्ही आहे. मदतीसाठी कोणाच्या दारी जावं लागू नये, यासाठी यादी गावानंच करावी: ज्या घरात छपरावर चढणारं कोणी नाही, ती घरं. काम मजुरी देऊन करावं. सावडीच्या आठवणीवर विसंबून उपयोग नाही, कारण फेरणाऱ्याचाही तेंदूचा दिवस बुडतो.

वेळापत्रक जंगलानंच ठरवून दिलं आहे. बांबू हिवाळ्यात तोडलेला बरा, तेव्हा त्यात रस कमी असतो आणि कीड कमी लागते. चिचपल्लीच्या बांबू केंद्रात शिकवतात तसं बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवला तर कमच्या आणखी टिकतात. यादी संक्रांतीच्या सुमारास झाली तर मिरचीवाले परतल्यावर, तेंदू लागायच्या आधीचा आठवडा या घरांसाठी राखून ठेवता येतो. कवेलूंची मागणीही तेव्हाच नोंदवावी लागेल, कारण ते थापून, वाळवून, भाजायला कुंभाराला अवकाळी पाऊस नसलेले कोरडे महिने हवेत. देशी कवेलू करणारे कुंभार आता मोजकेच राहिले आहेत. एका घराच्या शे-दीडशे कवेलूंसाठी भट्टी लावणं त्यांना परवडत नाही. गावच्या सगळ्या यादीची मागणी एकदम गेली तर परवडतं.